काळंभोर, स्वच्छ रान

“अहो, ती काडेपेटी द्या इकडे! पाया पडते, काड जाळू नका!” नलूकाकू बांधावरून अशा ओरडल्या, की तीन गावांतली कुत्री गप्प झाली. दत्तूकाकांनी मात्र पेटवलंच. कापणीनंतर रानात उरलेलं गव्हाचं काड असं भडकलं, की वर फिरणाऱ्या घारीच्या मिशा जळाल्या. घारीला मिशा नसतात म्हणता? आता नाहीतच.

गेल्या साली याच रानात काकूंची मिरची मर रोगाने उभीच्या उभी वाळली. काड मातीत गाडून कुजवलं, की त्यावर चांगल्या बुरश्या पोसतात आणि मुळं खाणाऱ्या बुरशीला आवरतात, असं त्या महिनाभर काकांना सांगत होत्या. पण आमच्याकडे काड दिसणारं रान म्हणजे आळशाचं रान. बांधावरून जाणारे काय म्हणतील?

आग विझली. रान कसं सारवल्यासारखं काळंभोर दिसत होतं, आणि मला ते बघवेना. येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी आपण वरवरचं किती झाडूनपुसून ठेवतो! खाली मुळांपाशी कोण उपाशी राहिलं, ते कुणी विचारत नाही.

“काकू, आता इथं काय लावणार?”

“मिरचीच. रोपं सांगून ठेवलीत ह्यांनी.”