पारशिवनीच्या बसमधलं काजळ

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर खाली कमेंटमध्ये "मॅडम, तुम्हीसुद्धा?" असं कुणी विचारायला नको. मी शाळेत विज्ञान शिकवते. भूत, करणी, दृष्ट, बाहेरचं... या विषयांवर वर्गात बोलताना माझा आवाज जरा जास्तच चढतो, असं मुलं म्हणतात. माझ्या दोन्ही लेकरांना मी लहानपणी एकदाही तीट लावू दिली नाही. सासूबाई काजळाची डबी घेऊन मागे आणि मी बाळाला घेऊन पुढे, असा आमचा रोजचा कार्यक्रम असायचा. माझं मत आजही तेच आहे, तान्ह्या बाळाला काजळ लावू नये. हे सगळं खरं असूनही पुढे लिहिलंय ते घडलं... आणि तेही दिवसाढवळ्या, माणसांनी भरलेल्या एसटीत.

मी राहते हुडकेश्वरला आणि शाळा पारशिवनीला. रोज सकाळी स्कुटीनं बसस्टँड गाठायचा आणि तिथून खापरखेड्यावरून जाणारी बस पकडायची. आमच्याकडे याला अप-डाउन म्हणतात. वर्षानुवर्षं अप-डाउन करणाऱ्यांची बस म्हणजे दुसरं घरच होऊन जातं, आणि लोक तिथे घरच्यासारखंच वागतात. तीच तर कटकट! कुणी खिडकी उघडून केस विंचरतं आणि ते मागच्याच्या तोंडात जातात. कुणी काखेत फुसफुस सेंट मारतं आणि अख्खी बस खोकते. तहसीलमधले बोरकर सर तर निवांत पाय सोडून नखं कापायचे. एकदा त्यांचं एक नख उडून माझ्या चष्म्यावर टणकन आपटलं. त्या दिवशी मी उभी राहिले आणि नियम जाहीर केले. बसमध्ये केस विंचरायचे नाहीत, नखं कापायची नाहीत, सेंट मारायचा नाही. आणि चालत्या बसमध्ये काजळ तर मुळीच नाही, डोळ्यात पेन्सिल गेली तर?

माझ्यामागे लोक मला "आरटीओ मॅडम" म्हणतात, हे मला ठाऊक आहे.

हे नियम सगळ्यांनी कुरकुरत पाळले, एका पल्लवीनं सोडून. ती नागपूरच्या एका दवाखान्यात नर्स. तिची कायमची रात्रपाळी, त्यामुळे सकाळी आम्ही कामाला निघायचो तेव्हा ही त्याच बसनं पारशिवनीला घरी परत जायची. बसली की बाटलीतल्या पाण्यानं तोंड पुसायची, मग क्रीम, पावडर, टिकली, आणि शेवटी ती काजळपेन्सिल. एकदा मी चिडून विचारलं, "काहून वं, घरीच तर जाऊन राहिली न? कोणाले दाखवायचं आहे?"

"बाबाले," ती म्हणाली. "ते स्टँडवर घ्यायले येते न मॅडम. मी रात्रभर जागली असं दिसलं की त्याइचा चेहरा उतरून जाते. मग दिवसभर धड जेवत नाई."

मग मी पावडरची परवानगी दिली. काजळाची दिली नाही. नियम म्हणजे नियम.

तर तो दिवस. डिसेंबरमधली कडाक्याची थंडी, त्यात खापरखेड्याकडून येणारी धूळ. त्यामुळे बसमध्ये एकूण एक कान बंद होता. बायकांचे स्कार्फ डोक्याभोवती घट्ट गुंडाळलेले, पुरुषांच्या कानटोप्या, मफलर. मी स्कुटीवर बांधलेला स्कार्फ पारशिवनी येईपर्यंत सोडतच नाही. बस सुटता सुटता पल्लवी धापा टाकत चढली आणि माझ्या शेजारी धप्पकन बसली. अंगावर दवाखान्याचा ड्रेस, त्यावर स्वेटर, डोळे लालभडक.

"अवं, आज तर तुझं साक्षगंध आहे न!" मी ओरडलेच. तिनं आठवडाभर आधी सगळ्या बसला पेढे वाटले होते. (आमच्याकडे साखरपुड्याला साक्षगंध म्हणतात.) "तू इथं काय करून राहिली?"

"रात्रीची सुट्टी घेतली होती, पण माह्या जागी रिलिव्हर आलीच नाई मॅडम. वॉर्ड कसा सोडू?" एवढं बोलून ती रडायलाच लागली.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मुलगा चांगला होता, पल्लवीनं नोकरी करावी असंच त्याचं म्हणणं. पण त्याच्या आत्याबाई! बघायला आल्या तेव्हाच म्हणाल्या होत्या, "पोरगी चांगली आहे, पण रात्रपाळीनं चेहऱ्याची रया जाते. लग्नाआधीच सोडून टाका म्हणा." पल्लवीच्या बाबांनी तेव्हा "पाहू" म्हणून वेळ मारून नेली होती. आणि आता बाबांचा फोन येऊन गेला होता की मंडळी लवकरच पोचली, आत्याबाई अगदी दारासमोरच खुर्ची टाकून बसल्यात.

"मी अशी गेली न, तर त्याइले आयतंच कारण भेटते," पल्लवी म्हणाली. "बाबा तर तसेही भेलेले आहेत. ते हो म्हणून टाकतीन. मग माही नोकरी गेलीच समजा."

मी तिच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं मी मुलींना शिकवते आहे. त्यांच्या नोकऱ्या कुठे कुठे आणि कशाकशावरून सुटतात, ते मला चांगलं माहीत आहे. पण डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांवरून? मला असा राग आला म्हणता!

"दे ती पिशवी इकडं," मी म्हटलं.

मागून बोरकर सरांनी कानटोपीतून तोंड बाहेर काढलं. "मॅडम... आणि नियम?"

"नियम गेला चुलीत!"

मग काय विचारता. अख्खी बस कामाला लागली. कंडक्टर भोजराजभाऊ पाण्याची बाटली धरून उभे राहिले. मी तिचे केस सोडले, विंचरले, अंबाडा घातला, आणि केस उडून कुणाच्या तोंडात गेले असतील तर त्यानं ते मुकाट्यानं काढून टाकले. पारशिवनीच्या बाजारात फुलं विकायला नेणाऱ्या एका बाईनं टोपलीतून गजरा काढून दिला. त्याचा दोरा तुटेना, तेव्हा बोरकर सरांनी खिशातून नेलकटर काढलं. तेच ते, ज्याच्यावर मी इतके दिवस दात धरून होते. त्यांनी इतक्या ऐटीत दोरा कापला, की मला हसू आवरेना.

खापरखेड्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या मागे पडल्या तेव्हा फक्त काजळ उरलं होतं. आणि नेमका तिथून पुढे रस्ता खोदून ठेवलेला! कोळशाच्या ट्रकांनी आधीच चाळण केलेली, त्यात दुरुस्तीचं काम. पल्लवीनं पेन्सिल टेकवली आणि रेघ थेट कपाळापर्यंत गेली. पुसून पुन्हा लावायला गेली तर गालावर.

"अहो ड्रायव्हरभाऊ, जरा हळू घ्या!" मी ओरडले.

"मॅडम, याच्याहून हळू म्हणजे उतरून ढकला आता!" पुढून उत्तर आलं.

मी खिडकीकडे पाठ करून, पल्लवीच्या समोर आरसा धरून बसले होते. मागे बंद काच. आणि मग... कसं सांगू? बस शांत झाली. थांबली नव्हती, पल्लवीच्या पलीकडच्या काचेतून तुरीची शेतं मागे जाताना मला दिसत होती. पण खडखड नाही, हादरा नाही. भोजराजभाऊंच्या हातातल्या बाटलीतलं पाणी जराही हललं नाही. वरची घंटीची दोरी सरळ लोंबत होती. कुणी बोलत नव्हतं. आणि एक वास आला, ऊबदार, ओळखीचा. एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याची वाटी पालथी धरून काजळ पाडतात, त्याचा. मला भीती वगैरे काही वाटली नाही. लहानपणी आपल्याला कुणीतरी तयार करत असतं, हनुवटी धरून "हलू नको" म्हणतं, तेव्हा वाटतं ना, तसं काहीसं वाटलं. खूप बरं वाटलं.

पल्लवीनं दोन्ही डोळ्यांत काजळ घातलं. बारीक, नितळ रेघ, जरासुद्धा न हललेली. तिनं पेन्सिलीला टोपण लावलं, आणि धाडकन बस आदळली, पुन्हा खडखडाट सुरू झाला.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. खोदलेला रस्ता केव्हाच मागे पडला होता.

"बाप्पा!" भोजराजभाऊ एवढंच म्हणाले.

पारशिवनीच्या स्टँडवर उतरलो. उन्हात पल्लवी उभी राहिली आणि मी बघतच राहिले. रात्रभर जागलेली ती मुलगी! चेहऱ्यावर काय तेज होतं! आणि आयुष्यात पहिल्यांदाच मला वाटलं, हिला दृष्ट लागेल. खरंच वाटलं. मी, विज्ञानाची बाई, तिच्या पेन्सिलीवर बोट घासलं आणि तीट लावायला तिच्या कानामागचे केस बाजूला केले.

तिथे तीट होती.

छोटी, गोल, काळीभोर. पेन्सिलीची नव्हे, घरी पाडलेल्या दाट काजळाची.

"कोणी लावली वं ही?"

"काय?" पल्लवीनं हात लावून पाहिला. "मॅडम, तुमीच लावली असन."

तेवढ्यात बोरकर सरांनी उन्हात उकडतंय म्हणून कानटोपी काढली. त्यांच्या टकलाखाली, डाव्या कानामागे, तस्साच ठिपका! मी किंचाळलेच. भोजराजभाऊंनी मफलर सोडला, त्यांच्याही कानामागे. फुलवाल्या बाईच्याही. ड्रायव्हरभाऊ केबिनमधून उतरले आणि आम्ही सगळे त्यांच्या कानाला झोंबलो. "काय चाललं गा भोजराज? सोड मले!" म्हणत ते पळायला लागले. होती! त्यांच्याही होती! अख्खा स्टँड बघत होता आणि आम्ही सगळे एकमेकांचे कान ओढत वेड्यासारखे हसत होतो. पल्लवीचे बाबा मोटरसायकल घेऊन उभे होते, त्यांना काही कळेना, पण पोरीचा हसरा चेहरा बघून तेही हसायला लागले.

"मॅडम, तुमचा स्कार्फ काढा," पल्लवी म्हणाली.

"काही नसन तिथं," मी म्हटलं. सकाळी घरी बांधलेला स्कार्फ. सेफ्टी पिन लावलेली. मी पिन काढली, स्कार्फ सोडला. पल्लवी माझ्या मागे गेली, केस बाजूला केले, आणि माझ्या डाव्या कानामागच्या ठिपक्यावर हलकेच बोट टेकवलं. मग तिनं मागूनच मला मिठी मारली. स्कार्फ आतून पांढरा स्वच्छ होता, त्याला काजळाचा डाग नव्हता.

तिच्या बाबांनी मलाही जेवायला बोलावलं, तेव्हा शाळेत अर्धी रजा टाकून दुपारी गेले. पल्लवी साडीत होती. आत्याबाई तिला न्याहाळून थकल्या असाव्यात. शेवटी तिच्या कानामागचा ठिपका त्यांच्या नजरेस पडला. "तीट कोणी लावली इले?" त्यांनी विचारलं.

"बसमधल्या माणसाइनं," पल्लवी म्हणाली.

"बसमधले लोक तीट लावते?" आत्याबाईंनी तिचा गजरा नीट केला. मग म्हणाल्या, "एवढी जिवाची माणसं ज्या बसमधे आहेत, थे बस सोडू नको बाई." पल्लवीच्या बाबांनी खाली मान घालून डोळे पुसले. पल्लवीची रात्रपाळी आजही चालू आहे.

आता तुम्ही म्हणाल, कुणीतरी गंमत केली असेल. केलीही असेल. पण चालत्या बसमध्ये, प्रत्येकाच्या टोपीच्या, मफलरच्या आत? केबिनमध्ये गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरला? पिन लावलेल्या स्कार्फखाली, पाठीशी बंद काच असताना? मी रसायनशास्त्रापासून सामूहिक भ्रमापर्यंत सगळं तपासून पाहिलं. भ्रमाचा डाग साबणानं निघत नाही, हा निघत होता. थोडासाच. मग मी घासायचं थांबवलं.

खरं सांगायचं तर त्या रात्री मी आरशासमोर बसून रडले. दुःखानं नाही. त्रेपन्न वर्षांची बाई मी, जाड चष्मा, पांढरे केस, तोंडाळ म्हणून प्रसिद्ध. माझ्यावर कुणाची दृष्ट पडणार? आणि बोरकर सरांवर? त्या टकलावर? पण कुणाला तरी त्या बसमधलं प्रत्येक माणूस इतकं देखणं वाटलं, की एकालाही उघडं सोडायचा धीर झाला नाही. सासूबाई माझ्या लेकरांच्या मागे डबी घेऊन का धावायच्या, ते मला त्या रात्री समजलं. माझं मत बदललेलं नाही. फक्त समजलं.

त्यानंतर तसं पुन्हा घडलेलं नाही. का, कसं, कोण... आजवर काही उत्तर नाही. बोरकर सर नखं मात्र पुन्हा कापायला लागलेत, आणि मी त्यांना पुन्हा ओरडते. पण केस, पावडर, काजळ यावर आता कुणाला काही बोलत नाही. आणि खापरखेड्याच्या चिमण्या मागे पडल्या की रोज स्कार्फची पिन काढून डावा कान उघडा करून बसते. तीट लावणाऱ्या त्या हाताला याची गरज नाही, हे मला माहीत आहे. पण आपल्याला कुणी एवढ्या मायेनं आवरून देत असेल, तर आपणही हलू नये आणि कान पुढे करावा, एवढी बसमधली रीत तर पाळायलाच हवी.