सीवातली माझी मास्तरकी

सीवाला असताना मी एक आगाऊपणा केला होता. इजिप्तच्या वाळवंटातलं हे खजुरांचं गाव. आमच्या ह्यांचं विहिरी खोदायचं काम तिथं होतं. मी सव्वीस वर्षांची, पुस्तकावरून अरबी शिकलेली, त्यामुळे अक्कल नुसती उतू चाललेली. शेजारच्या झहराची सहा वर्षांची लेक घरात सीवी बोलायची. सीवी म्हणजे तिथल्या बर्बर लोकांची जुनी, अरबीहून वेगळी भाषा. तिच्यात अरबी शब्द इतके, की दोनच्या पुढचे आकडेसुद्धा अरबीच. मला वाटलं, ही तर मोडकी अरबी! मी पोरीला बजावलं, "घरीसुद्धा शुद्ध अरबीच बोलायचं."

एका दुपारी ती पोर आणि तिची आजी अंगणात खजूर निवडत बसल्या होत्या. आजी काहीबाही विचारी आणि पोर माझ्याकडे बघत ऐटीत अरबीतून उत्तर देई. आजीला अरबी येत नव्हती. ती थोडा वेळ हसली, मग खाली मान घालून खजूर निवडत राहिली.

शेजारणीकडून विरजण आणलं म्हणून आपलं दूध काही तिचं होत नाही. भाषाही अशाच शेजारी जातात, चमचाभर मागून आणतात, आणि दही ज्याच्या त्याच्या घरी लागतं. आपल्या मराठीनं काय कमी दारं वाजवलीत? पण हे शहाणपण मला आत्ता, माझ्या नाती उलट उत्तरं द्यायला लागल्यावर सुचतंय. तेव्हा मी नुसती ओशाळून उभी होते.

झहरा शांतपणे म्हणाली, "बाई, अरबी हिला शाळेत शिकवतीलच. पण आजीशी भांडायला हिला सीवीच लागेल. तेवढं भांडण आमच्या घरात राहू द्या."