शालनच्या नावाची आंघोळ

शालन गेल्याची बातमी आमच्या परतूरच्या घरी तिसऱ्या दिवशी पोचली. फोन लागत नव्हता, गाडी चुकली, असलं काही झालं नव्हतं. बातमी मीच अडवून धरली होती. जालन्याच्या दवाखान्यात तिच्या उशाशी मी होते. अग्नी तिच्या नाटकाच्या वर्गातल्या मुलींनी दिला. अस्थी वेचून झाल्यावर मी घरी आले, यजमानांना जेवायला वाढलं आणि ताट उचलताना सांगितलं, "शालन गेली." शालन त्यांची सख्खी धाकटी बहीण, माझी नणंद.

"मला का न्हाई कळवलंस?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही तिला आईचं कळवलं होतं का?" मी म्हटलं आणि ताट घासायला टाकलं.

हे ज्या पेपरात छापून येतंय त्याची ही पुरवणी ते दर रविवारी चहाबरोबर वाचतात. वाचू देत.

शालन हे नाव वाचकांना आठवणार नाही. रोज संध्याकाळच्या मालिकेतली मोठी काकू म्हटलं की आठवेल. सुनेच्या खिरीत मीठ टाकणारी, देवासमोर हात जोडून खोटं बोलणारी ती बाई म्हणजे आमची शालन. खरी शालन मात्र कुत्र्यालासुद्धा 'हाड' म्हणत नसे. मी लग्न होऊन आले तेव्हा ती जालन्याला कॉलेजात होती. वयानं माझ्याएवढीच. चारचौघांत ती मला वहिनी म्हणायची, मी तिला ताई. दोघीच असलो की अगं-तुगं. कॉलेजच्या नाटकातलं तिचं काम बघून मुंबईच्या एका दिग्दर्शकानं बोलावणं धाडलं, आणि नेमकं तेव्हाच तिच्या दादानं, म्हणजे यजमानांनी, मंठ्याचं स्थळ पक्कं केलं. ती सकाळच्या गाडीनं निघून गेली. आईच्या पाया पडून, दारातून, दिवसाढवळ्या गेली. 'पळून गेली' हा शब्द नंतर लोकांनी घातला.

त्याच दुपारी यजमानांनी अंगणात तिच्या नावानं आंघोळ केली. स्मशानातून आल्यावर करतात ती आंघोळ जिवंत माणसाच्या नावानं केली की नातं संपलं, अशी आमच्याकडची रीत. शेजारच्यांनी पाणी काढून दिलं. यजमान मलाही म्हणाले, "तू पण घे डोक्यावर." मी म्हटलं, "माझी सकाळीच झाली." आणि भाकऱ्या करायला गेले.

पुढं ती मालिकेत दिसू लागली. सासूबाई रोज टीव्हीपुढं बसत. काकू कितीही दुष्टपणा करो, सासूबाई एवढंच म्हणत, "बारीक झाली गं." मोठी काकू चिडली की चष्म्यावरून बघायची, एक भुवई वर न्यायची आणि हळू आवाजात "असं का?" म्हणायची. ते बघणं, ती भुवई, ते "असं का?" सगळं तिच्या दादाचं होतं. घराघरातून लोक त्या नजरेला शिव्या घालत होते. मी आणि सासूबाई तेव्हा एकमेकींकडं बघायचं टाळायचो, हसू फुटायचं म्हणून. यजमान ओसरीवर बसून ऐकायचे. त्यांना कधी कळलं नाही. आज कळेल.

एकदा मंठ्याला साड्यांच्या दुकानाचं उद्घाटन करायला ती आली. मी गर्दीत मागं उभी होते. एका म्हातारीनं तिचं मनगट पकडलं. "त्या पोरीला उपाशी का निजवतीस गं?"

"चुकलं आजी. उद्यापासून देते जेवायला."

"उद्या न्हाई. आज."

लोक हसले. शालनही हसली. मग दुकानाच्या मागं, साड्यांच्या खोक्यांवर बसून तिनं माझ्या डब्यातलं पिठलं-भाकरी खाल्ली आणि विचारलं, "आई कशी आहे?" दुसरं काही विचारलं नाही...

सासूबाई गेल्या तेव्हा यजमानांनी तिला कळवायचं नाही असं बजावलं. मी कळवलं. ती शूटिंगवरून जशी होती तशी निघाली. काकूची भारी साडी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, चेहऱ्यावर रंग. ती पोचली तोवर सगळं आटोपलं होतं. सासूबाईंना ठेवलं होतं त्या जागी दिवा तेवढा जळत होता. त्या दिव्यापाशी तिला घटकाभर बसायचं होतं. यजमान दारात आडवे उभे राहिले. "या घरात शालन नावाचं कुणी न्हाई." ती उंबऱ्याबाहेर खाली बसली आणि रडली. गल्लीतल्या बाया जमल्या होत्या. त्यातली एक म्हणाली, "बघ, कसं बराबर करून राह्यली. टीव्हीत करती तस्संच." कुणी पाण्याचा तांब्या पुढं केला नाही. मी मागचं दार उघडलं, तर म्हणाली, "मी काय चोर आहे का वहिनी?" आणि स्टेशनकडं चालत गेली. त्या बायांची नावं मी इथं लिहीत नाही. त्यांनी आपापली ओळखावी.

पुढं मालिकेतल्या काकूला परदेशी लेकाकडं पाठवलं आणि ती परत आलीच नाही. मालिकेतली माणसं अशीच संपतात. मग कुठं न्यायाधीश, कुठं नर्स, एक-दोन दृश्यं. शेवटी ती जालन्याला दोन खोल्यांत आली आणि मुलींना नाटक शिकवू लागली. "आवाज चढवू नका," सांगायची, "माणूस खरा चिडला की आवाज खाली येतो." मी महिन्या-दोन महिन्यांनी खरेदीच्या नावानं जायची. आजार कळला तेव्हा तिनं एकच मागणं मागितलं. "वहिनी, मी मेल्यावर दादाला माझा भाऊ होऊ देऊ नको."

आणि नेमकं तेच सुरू झालं. चौकात फलक लागला, 'परतूरच्या सुकन्येस श्रद्धांजली'. त्यावर शालनपेक्षा यजमानांचा फोटो मोठा. मोंढ्यातले धान्याचे व्यापारी भेटायला येऊन बसले. एकानं विचारलं, "मंग दहावा कुठं करताय?" यजमान मान खाली घालून म्हणाले, "गोदावरीवर करावा म्हणतो. केस बी काढतो."

मी चहा देत होते. म्हटलं, "दहावा कशाचा? यांनी तिच्या नावानं आंघोळ केली त्याला पंचवीस वर्षं झाली. इथं बसलेल्यांपैकी दोघांनी पाणी काढून दिलं होतं. एका माणसाला किती वेळा मारणार?"

यजमानांनी चष्म्यावरून बघितलं. भुवई वर गेली. एक जण चपला शोधू लागला, मग दुसरा. दहावा झाला नाही. फलक मी दुसऱ्या दिवशी उतरवायला लावला.

आता त्यांनी बैठकीत सासूबाईंच्या फोटोशेजारी खिळा ठोकला आहे. घरातले शालनचे फोटो त्यांनीच चुलीत घातले होते. मोबाइलवर सापडतात ते सगळे मोठ्या काकूचे. परवा म्हणाले, "तुझ्याकडं एखादा असंल की."

आहे. जालन्याच्या खोलीतला, डोक्याला तेल थापलेलं, गाऊनवर माझा जुना स्वेटर, तोंडात पेरूची फोड, आणि ती हसते आहे. माझ्या कपाटात, साड्यांच्या खाली. कपाट उघडलं की मी तिला बघते.

"आहे," मी म्हटलं. "तुम्हाला मिळणार नाही."