सहभोजनाचा फोटो

“चालतंय की,” असं म्हणून तो कोटाच्या खिशातून आपला पितळी पेला काढायचा. पाणी वरून ओतलेलं चालायचं, वर्गात शेवटचा बाक एकट्याला चालायचा, जेवण स्वयंपाकघरामागच्या लाकडांच्या खोपीत चालायचं. बेळगावच्या आमच्या कॉलेजात इतकं बिनतक्रार दुसरं काहीच चालत नव्हतं. घंटासुद्धा अधूनमधून अडायची.

तो निपाणीकडचा. त्या काळी ज्यांना अस्पृश्य म्हणत, त्यांच्यातला आमच्या वसतिगृहातला पहिला आणि एकटा. मराठी आणि कानडी दोन्ही फर्डी. तर्कशास्त्र तर असं समजावायचा की प्राध्यापकांची कीव यावी. त्याच्या वह्या खोल्याखोल्यांतून फिरायच्या. वहीला विटाळ नसतो, हा शोध आम्हाला दरवर्षी परीक्षेच्या महिनाभर आधी लागत असे.

मी खानावळीचा सेक्रेटरी होतो. तुमच्यापैकी कुणी असं पद भूषवलं असेल तर ठाऊक असेल, पद जितकं लहान तितकी त्यावरून भाषणाची हौस मोठी. त्या वर्षी आम्ही सहभोजन ठरवलं. कॅम्पातून एक सुधारक पाहुणे आले, फोटोवाला आला. व्हरांड्यात पंगत मांडली. भाषण माझं. ‘आजपासून या छपराखाली एकच पंगत’ या वाक्याला टाळ्या पडल्या. खरं म्हणजे त्या टाळ्यांसाठीच मी ते लिहिलं होतं.

तो पाहुण्यांच्या आणि माझ्या मधे बसला होता. समोरच्या पत्रावळीकडं बघून हळूच म्हणाला, “आज ताटं न्हाईत व्हय?”

“सणाचा बेत हाय की,” मी म्हणालो.

“चालतंय की. कुणाला घासाया लागत न्हाय.”

तो हसला. मला हसता आलं नाही. त्याचं ताट आमच्या ताटांत मिसळू नये म्हणून आमच्या कमिटीनं पत्रावळी एकमतानं मंजूर केल्या होत्या. त्या वर्षातला आमचा एवढा एकच ठराव एकमताचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो राखेनं लख्ख घासलेलं आपलं ताट घेऊन पंगतीला आला. माझ्या शेजारी जागा होती, तिथं बसला. वाढपाचा डाव हातात धरून आचारी दारातच उभा राहिला.

“सेक्रेटरी, सांगा त्यास्नी,” आचारी म्हणाला. “न्हाईतर उद्यापास्नं चूल तुम्हीच पेटवा.”

सगळे आपापल्या ताटात बघत होते. रिकाम्या ताटात बघण्यासारखं काही नसतं, पण बघत होते. मी शेजारी वाकून पुटपुटलो, “अरे, ते कालच्यापुरतं होतं रं.”

“आजपासून म्हणालतास की.”

“भाषण होतं ते.”

तो चालतंय म्हणाला नाही. मी त्या शब्दाची वाट पाहत होतो, हे आज सांगताना मान वर होत नाही. त्यानं तो शब्द उच्चारला असता, तर मी सुखानं जेवलो असतो.

तो ताट उचलून उठला. दारापाशी थांबून म्हणाला, “माझी वही तुझ्याकडं हाय न्हवं? राहू दे. परीक्षा होईस्तोवर राहू दे.”

त्यानंतर तो खोपीतही जेवायला आला नाही. वसतिगृह सोडून काही दिवस जवळच्या कंग्राळी गावाहून चालत वर्गाला यायचा. दिवाळीच्या सुट्टीनंतर त्याचा बाक रिकामाच राहिला. मी त्या वहीवर पहिल्या वर्गात पास झालो. वही परत पाठवायला त्याचा पत्ता शोधायला हवा होता. शोधला नाही.

फोटोची एक प्रत माझ्याकडं आहे. फोटोवाल्यानं “हलू नका” म्हणून बजावलं होतं. त्यामुळं पाहुण्यांसकट आम्ही सगळे घास ओठांशी धरून बसलो आहोत. चेहरे स्पष्ट, घास स्पष्ट. मधोमध एकाचाच हात पुसट आला आहे.

तो जेवत होता.