मध्येच आमेन

आमच्या लॉन्ड्रीचा खरा मालक देव आहे, असं आमचे हे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझाही विश्वास आहे, रविवारच्या उपासनेला मी पहिल्या बाकावर असते. पण गिऱ्हाइकाची गुलाबी झालेली पांढरी चादर हातात घेऊन काउंटरवर मला उभं राहावं लागतं, देवाला नाही.

ह्यांचं सगळं प्रार्थनेवर चालतं. साबण बदलायचा, प्रार्थना. नवं काम घ्यायचं, प्रार्थना. तीही दोन वाक्यांत आटपणारी नव्हे. ह्यांनी डोळे मिटले की यंत्रं बंद, कामगार माना खाली घालून उभे, आणि इस्त्रीवाल्या काकू तेवढ्यात उभ्या उभ्या डुलकी काढून घेतात. एकदा एका मोठ्या हॉटेलाचं काम ह्यांनी प्रार्थना करून नाकारलं. सगळ्यांनी वेड्यात काढलं. वर्षाच्या आत ते हॉटेलच बंद पडलं. तेव्हापासून ह्यांना काही बोलायची सोय राहिली नाही.

माझे धाकटे दीर आमच्याकडे डाग काढायचं काम करतात. शाई असो, तेल असो, भावोजींच्या हातून कपडा कोरा होऊन यायचा. पण अलीकडे त्यांचं काय बिघडलं होतं कोण जाणे. पांढऱ्या गठ्ठ्यात लाल अभ्रा राहायचा. शर्टाची एक बाही स्वच्छ, दुसरीवर डाग तसाच. कपड्यांची गाडी ढकलताना दाराच्या चौकटीवर आपटायची आणि कामगार हसायचे. मला मात्र हसू येत नव्हतं, कारण बोलणी मी खात होते.

"अहो, त्यांना दुसरं काहीतरी काम द्या," मी ह्यांच्या मागे लागले.

"रोज प्रभूला विचारतोय मी. तो दाखवील मार्ग."

"मग काय म्हणतो तो?"

"अजून तरी काही नाही."

मी हात टेकले.

अधूनमधून भावोजी ह्यांच्या टेबलापाशी येऊन उभे राहायचे. "दादा, जरा बोलायचं होतं." हे लगेच खुर्चीतून उठायचे. "ये ना. आधी प्रार्थना करू." भावाच्या खांद्यावर हात, डोळे बंद, आणि थेट जगाच्या निर्मितीपासून सुरुवात. आमेन होईपर्यंत कोणीतरी गिऱ्हाईक यायचं, नाहीतर एखादं यंत्र अडायचं. "बरं, नंतर बोलू," म्हणून भावोजी परत कामाला. हे पुन्हा पुन्हा व्हायचं. मला वाटायचं, रजा हवी असेल, दुसरं काय!

मग एका सकाळी भावोजींचा हात इस्त्रीच्या प्रेसच्या तापलेल्या पत्र्याला लागला. किंकाळी ऐकून आम्ही सगळे धावलो. काकूंनी त्यांचा हात नळाखाली धरला. हे पांढरेफटक पडून आले, भावाच्या खांद्यावर हात ठेवला, डोळे मिटले. "हे दयाळू पित्या, तू आकाश आणि पृथ्वी..."

माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"आमेन!" मी ओरडले.

सवयीनं सगळ्या कामगारांनीही आमेन म्हटलं. ह्यांनी डोळे उघडले. "अगं, मी अजून..."

"झाली प्रार्थना. भावोजी, तुम्ही बोला. हात कसा लागला?"

भावोजी खाली बघत म्हणाले, "वहिनी, प्रेस दिसलीच नाही. समोरचं दिसतं, बाजूचं काही दिसत नाही. बरेच दिवस झाले. दादाला तेच तर सांगायला यायचो."

"मग सांगितलं का नाहीस?" ह्यांनी विचारलं.

"तू प्रार्थना करत असायचास. मध्येच कसं बोलायचं?"

ह्यांनी स्वतः जाऊन प्रेस बंद केली. आयुष्यात पहिल्यांदा ह्यांनी कोणालाही न विचारता एक गोष्ट ठरवली, आणि हाताला पट्टी बांधून होताच भावाला घेऊन आम्ही डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

त्यांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली औषधांनी टिकवायची. "आधी का नाही आणलंत?" त्यांनी विचारलं. हे औषधं आणायला म्हणून उठले आणि दाराबाहेर जाऊन रडले. मला दिसत होतं.

मी गेले नाही. जाऊन काय करणार होते? इतका राग आला होता की त्या दवाखान्यातच चार शब्द सुनावले असते. भावाचं काय करायचं हे रोज देवाला विचारत होते, आणि उत्तर स्वतःच टेबलापाशी येऊन उभं राहत होतं! मी तसं भावोजींना बोलूनही दाखवलं.

"वहिनी, दादाला रागावू नका," पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून ते म्हणाले. "प्रत्येक वेळी तो माझ्यासाठीच तर प्रार्थना करत होता."