देवळी ज्याची, त्याची भिंत

भिंत पडली तेव्हा मी अंगणात भांडी घासत होते. सरकीचं पोतं वरून टाकावं तसा धप्प आवाज आला, मग लाकडं मोडल्याचा, आणि मग दारातून इतकी धूळ बाहेर आली की दारच दिसेना. माजघरात दोघी होत्या, माझी सासू आणि माझी चार वर्षांची मुलगी. मी राखेच्या हातांनी तशीच धावले. दाराच्या आत कमरेएवढा मातीचा ढीग होता. त्याच्यापलीकडे मला सगळ्यात आधी काय दिसलं, तर शेजारणीची पेटलेली चूल. मधली भिंत राहिलीच नव्हती. शेजारीण परातीपाशी उभी, कोपरापर्यंत कणीक लागलेली, आणि माझ्याकडे पाहत होती. आमचं अर्धं छत सपाट खाली आलं होतं. उरलेल्या अर्ध्याच्या कड्या एका टोकाला उभ्या राहिलेल्या भिंतीत अडकून दुसऱ्या टोकाला ढिगावर टेकल्या होत्या. त्या तिरप्या कड्यांच्या खालून सासूचा आवाज आला.

"कोणी हात लावू नका इथं!"

छताखाली अडकलेली बाई वाचवा म्हणत नाही, हात लावू नका म्हणते, हे कोणाला खरं वाटणार नाही. पण ती भिंत कोणाची, यावरून वर्षभर दोन घरांत काय चाललं होतं ते ज्याला माहीत आहे, त्याला वाटेल.

ही अमरावतीची गोष्ट. महाराष्ट्र झाला त्याच्यानंतरच्या एक-दोन वर्षांतली. परकोटाच्या, म्हणजे गावाच्या जुन्या तटाच्या, आत आमचं धाब्याचं घर होतं. मातीच्या जाड भिंती, त्यांच्यावर सागाच्या कड्या, कड्यांवर फळ्या आणि फळ्यांवर हातभर पांढरी माती. अशी घरं एकमेकांना चिकटून असायची आणि दोन घरांत भिंत एकच असायची. बांधणारे मरून गेले होते. कागद कोणाकडे नव्हता. कोणाला त्याची गरजही पडली नव्हती.

मग शेजारचं घर अकोल्याच्या एका ढेपेच्या व्यापाऱ्यानं घेतलं. गुरांना घालायची सरकीची ढेप तो विकायचा, म्हणून आम्ही त्याला ढेपवाला म्हणायचो. त्यानं आल्या आल्या स्वतःच्या घराचं धाबं उतरवलं आणि खांबांवर टिनाचे पत्रे टाकले. बायकोला तिथं ठेवलं आणि स्वतः अकोला-अमरावती करत राहिला. घेतलेलं घर धड न दुरुस्त करता त्याच्यावर पत्रे टाकणारा माणूस तिथं राहायला आलेला नसतो, एवढं तर मला चौथीपर्यंतच्या शिक्षणावरही कळत होतं.

महिन्याभरात तो आमच्या ओट्यावर येऊन बसला. सासूला म्हणाला, "काकी, मातीची घरं आता राहत नसतात. अकोल्याले या, पाहा, तीन मजली बांधलं मी. ब्लॉक म्हणतात त्याले. घरात नळ, घरात मोरी. इथंबी तसंच बांधतो. मधली भीत मी पाडीन, तुमी आपल्या कड्या काढून घ्या."

आमच्याकडे भिंतीला भीत म्हणतात. सासू म्हणाली, "भीत तुही आहे का रे?"

"नाई तं कोणाची?"

"आन् कड्या काढून मी कोठी ठेवू? तुया डोक्यावर?"

तो हसला. "तुमाले एक ब्लॉक देतो ना काकी. भाडंबी कमी घेईन."

"माह्या जागेवर मलेच भाडं!" सासूनं चहाचा कप त्याच्या पुढ्यातून उचलून नेला. त्यानं अर्धाच प्यायला होता.

मुद्दा सरळ होता. आमच्या माजघराच्या कड्या त्या भिंतीवर टेकलेल्या होत्या. भिंत त्याची ठरली तर आमचं छत उतरणार, आणि छत उतरलं की घर राहत नाही. भिंत आमची ठरली तर त्याला आम्हाला सोडूनच बांधावं लागणार, आणि अरुंद जागेत त्याचा तीन मजली बेत बसत नव्हता.

माझा नवरा जिनिंगमध्ये कापसाच्या काट्यावर होता. भांडणाला तो घाबरायचा. त्याला ब्लॉक घ्यावा असं वाटत होतं. खरं सांगायचं तर मलाही घरात नळ येणार म्हटल्यावर बरं वाटलं होतं. भल्या सकाळी गल्लीच्या नळावर घागरींच्या रांगेत उभं राहायला सासू येत नव्हती, मी जात होते. पण ढेपवाल्यावर माझा भरवसा नव्हता. म्हणून तेल्हाऱ्याला माहेरी जाताना मी नवऱ्याला मधे अकोल्याला उतरायला लावलं आणि आम्ही ढेपवाल्याचं तीन मजली घर पाहायला गेलो.

घर खोटं नव्हतं. तीन मजले होते, नळही होता. नळाचं पाणी तोंडात घेतलं तर खारट. खालच्या भिंतींना आताच लोणा धरला होता, बोट लावलं की चुना पिठासारखा गळायचा. जिन्यात एक बाई गहू निवडत बसली होती, कारण तिला दुसरीकडे ऊन मिळत नव्हतं. मी तिला विचारलं, "इथं पहिले कोणाचं घर होतं?"

"माहं," ती म्हणाली. "याच जागी. खालचा ब्लॉक देतो म्हणे. वरचा दिला. सासऱ्याले दमा आहे, चढता येत नाही, तं तो लेकीकडे राह्यते."

नवऱ्यानं ते ऐकलं आणि त्यानंतर तो ब्लॉकचं नाव काढेनासा झाला. पण भिंत कोणाची हे तेवढ्यानं ठरणार नव्हतं.

ते ठरवायचा एक जुना रिवाज आमच्याकडे होता. कागद नसेल तर भिंतीतल्या देवळ्या पाहायच्या. देवळी म्हणजे दिवा ठेवायचा कोनाडा. आपल्या भिंतीतच माणूस देवळी कोरतो, दुसऱ्याच्या भिंतीत कोण कोरू देईल? म्हणून ज्याच्या बाजूनं देवळी, त्याची भिंत; दोन्हीकडून असल्या तर जिकडे जास्त, त्याची. चार म्हातारी माणसं बसवली की एवढं पाहून निकाल द्यायची, आणि तो दोघंही मानायचे.

सासूला याची खात्री होती. "आपल्या बाजूनं दोन देवळ्या होत्या," ती म्हणायची. "तुया सासऱ्यानं बुजवल्या. इच्चू निंगत होते."

बुजवलेल्या देवळ्या दिसत नव्हत्या. वरून इतक्या वर्षांचं सारवण होतं. ढेपवाल्याच्या बाजूला काय आहे ते आम्हाला माहीत नव्हतं, ते संक्रांतीला कळलं. ढेपवालिणीनं गल्लीतल्या सगळ्या बायकांना हळदीकुंकवाला बोलावलं, मलाही. सासू म्हणाली, "जाय. तिळगूळ खाजो आन् भीत पाह्यजो."

ढेपवालीण माझ्याच वयाची होती. मूल नव्हतं तिला. ती मला पाटावर बसवून कुंकू लावत होती आणि मी तिच्या खांद्यावरून भिंत पाहत होते. एक देवळी होती. तिच्यात समई लावलेली, आणि देवळीच्या भोवती नवा चुना. ती म्हणाली, "काय पाहून राहिली वैनी?"

"समई साजरी आहे," मी म्हणाले.

"आन् देवळी?"

मी तिळगूळ तोंडात टाकला. तिनं मुद्दामच बोलावलं होतं. मी पाहावं आणि घरी जाऊन सांगावं म्हणूनच समई तिथं ठेवली होती. मी घरी जाऊन सांगितलंच.

दुसऱ्या दिवशी सासूनं सब्बल, म्हणजे पहार, काढली. "जुन्या देवळ्या उघडायच्या," ती म्हणाली. पण जुन्या देवळ्या नेमक्या कुठं होत्या ते तिला आठवेना. इथं नव्हे, तिथं असं करत तिनं तीन ठिकाणी भिंत उकरली. माती सगळीकडे सारखीच. मग जिथं उकरली तिथंच देवळ्या केल्या. आत सारवलं, वरच्या बाजूला दिव्याची काजळी धरवली, म्हणजे जुन्या दिसाव्यात. ते काम तिनं इतकं नीट केलं की मलाच शंका आली, खरंच जुन्या असतील का?

निघालेली माती उकिरड्यावर टाकली असती तर गल्लीत सगळ्यांना कळलं असतं. म्हणून सासू म्हणाली, धाब्यावर टाकायची. दरवर्षी पावसाच्या आधी धाब्यावर माती टाकतातच, कोणी विचारणार नाही. मी टोपली भरून वर नेत होते आणि पसरून चोपत होते. खालून भिंत पोकळ होत होती आणि वरून छत जड होत होतं. हे आज वाचणाऱ्या कोणालाही दिसेल. तेव्हा आम्ही दोघी फक्त शेजाऱ्याकडे पाहत होतो.

कारण पलीकडूनही आवाज येत होता. दुपारी, सगळीकडे सामसूम असताना, टुक टुक. आम्ही थांबलो की तोही थांबायचा. सासू भिंतीला कान लावायची.

"तो भीत पोखरून राहिला," ती म्हणायची. "पाडून टाकीन आन् म्हणीन आपोआप पडली."

मलाही तसंच वाटायचं. ढेपवाल्याचं आमच्या गल्लीतून जाणंयेणं, त्याचं थांबून आमच्या छपराकडे पाहणं, सगळ्याचा मी तोच अर्थ लावत होते. एकदा त्यानं नवऱ्याला म्हटलं, "दादा, तुमच्याकडून भितीले पोट आलं आहे, काही टेकू लावा." नवऱ्यानं सासूला सांगितलं.

"पोट आलं तं बाळंत होईन," सासू म्हणाली. "त्याले काय बारसं जेवाचं आहे? टेकू लावला तं म्हणीन पाहा, यायची भीत पडकी आहे, हे राहू शकत नाही. टेकू नाई लावायचा."

नवऱ्यानं टेकूसाठी जिनिंगमधून दोन लाकडी बल्ल्या आणल्या होत्या. त्या अंगणात पडून राहिल्या. मी त्यांच्यावर कपडे वाळत घातले.

गुढीपाडवा झाल्यावर चार म्हातारी माणसं बोलवायचं दोन्हीकडून ठरलं. ती यायच्या आदल्या दिवशी सासू सकाळीच माजघरात बसली. देवळ्या झाल्या होत्या, आता तिला एका देवळीच्या शेजारी खुंटी ठोकायची होती. खुंटी असली की घर वापरातलं दिसतं. मुलगी तिच्या बाजूला खेळत होती. मी भांडी घासायला बाहेर आले. सासू खुंटी ठोकत होती, आणि मी बाहेर येईपर्यंत पलीकडूनही टुक टुक चालू होतं. भिंत कोणाच्या घावानं गेली, ते मला सांगता येणार नाही. मला त्याचा उपयोगही नाही.

माझ्या बाजूनं आत जायला जागा नव्हती. ढीग चढायला गेले की माती आत घसरायची आणि मुलगी रडायची. पोकळी उघडी होती ती ढेपवालिणीच्या बाजूनं. ती काही न बोलता वाकली आणि कड्यांच्या खाली अर्धी शिरली.

"आजी, पोर द्या."

सासूनं मुलीला पुढं ढकललं. मला ती दिसली, केसांपासून पायांपर्यंत पांढरी. ढेपवालिणीनं तिला मागं ओढलं आणि चुलीपाशी बसवलं. मग ती पुन्हा शिरली.

"आजी, आता तुमी. हात द्या."

"मांगं हो," सासू म्हणाली. "आमच्या जागेत पाय ठेवू नको."

"आजी, वरतं पाहा, खाली येऊन राहिलं सगळं."

"येऊ दे. तू आत आली का उद्या म्हणशीन कब्जा झाला. तुया नवऱ्यानंच शिकवलं असन."

मी ढिगावरून ओरडले, "आत्याबाई, निघा! कब्जा गेला खड्ड्यात!"

"तू गप राह्य. माह्या पोराले बोलाव. तो आला का निंगीन. यायचा हात नाई घेत मी."

मी गल्लीत कोणाला तरी जिनिंगकडे पळवलं. ढेपवालिणीनं मागं सरून बाहेरूनच आत हात घातला आणि सासूचं मनगट धरलं. सासूनं ते झटकलं. तिनं पुन्हा धरलं. सासू म्हणाली, "सोड वं, चोट्टे," आणि वर काही तरी करकरलं, आणि धाब्यावरची माती, जी मी टोपली टोपली करून वर नेली होती, ती सगळी खाली आली.

ढेपवालिणीचा हात मनगटापर्यंत आत अडकला होता. गल्लीतल्या माणसांनी तो काढला. तिची तीन बोटं नंतर कधी वळली नाहीत. दवाखान्यात मी तिला एकदाच भेटायला गेले. ती म्हणाली, "आमच्याकडे एकच देवळी होती वैनी. तुमच्याकडून ठोकायचा आवाज आला म्हणून मी आणखी दोन केल्या."

तिच्या नवऱ्यानं तिला करायला सांगितल्या होत्या का, ते मी विचारलं. ती म्हणाली, नाही, त्याला माहीतच नव्हतं. हे मला तेव्हा खरं वाटलं नाही. आजही पूर्ण वाटत नाही. चार म्हातारी माणसं कधी बसलीच नाहीत, पाहायला भिंतच नव्हती. ढिगात दोन्ही बाजूंची माती एक झाली होती, ती गाड्यांत भरून गेली. त्या जागेवर तीन मजली ब्लॉक झाले. आम्हाला मधल्या मजल्यावरचा दिला, खालचा देतो म्हणाला होता.

त्या दिवशी माझी मुलगी वाचली आणि ढेपवालीण वाचली. सासू वाचली नाही. मी अंगणात होते.