मिठाचं पाणी

तुडीलहून महाडला दारोदार मासे विकायला येणाऱ्या त्या बाईचं नाव मी कधी विचारलं नाही. तिची बडबड अखंड चालायची. मासा कापताना ती खाली बघायचीसुद्धा नाही.

त्या सकाळी मी तिला घरात ओढूनच नेलं. आमच्या काचेच्या टाकीतल्या सोनेरी माशावर पांढरे ठिपके आले होते. कुणीतरी सांगितलं म्हणून तीन दिवस मी रोज मूठभर मीठ टाकत होते. आता तो कुशीवर पडून धापा टाकत होता, आणि लेक शाळेतून यायची होती.

तिने पाण्यात बोट बुडवून चाखलं.

"खाडी केलीस गो! गोड्या पाण्यातला हाय ना ह्यो?"

तिने तांब्याने निम्मं पाणी उपसलं आणि हंड्यातलं विहिरीचं पाणी हळूहळू सोडायला घेतलं. तिची नजर माशावरून हलत नव्हती. तासभर ती एक शब्द बोलली नाही. बाहेर तिची मासळी उन्हात तापतेय, असं मी म्हटलं, तर तिने हातानेच मला गप्प केलं.

शेवटी मासा सरळ झाला.

"जगंल का नाय, ते नाय सांगत," म्हणत ती गेली.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीच्या आधीच दारात उभी होती.

"जिता हाय ना गो?"